कॅमेरा निवडताना

वस्तू विकत घेणे सोपे असते. ती पारखून घेणे अवघड असते. हाती पैसे थोडे असले, तर निवड अधिक विचाराने करावी लागते. थोड्या पैशांत खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा असेल, तर काय पाहावे, काय विचारावे आणि कशाला भुलू नये, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी 'कमरा' हा शब्द रोज बोलता. कमरा म्हणजे खोली. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्या देशात आला आणि त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये खोलीला 'कॅमेरा' म्हणत. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत!

आणि कॅमेरा ही खरोखरच एक खोली आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म बसरा येथे झाला आणि आयुष्याचा मोठा काळ कैरोत गेला. त्यांनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे प्रयोग केले. खोलीत प्रकाश येण्यासाठी फक्त एक लहान छिद्र होते. छिद्राबाहेर त्यांनी काही दिवे ठेवले. तेव्हा आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका दिसला. एक दिवा झाकला, की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई. झाकण काढले, की तो परत दिसे. प्रकाश सरळ रेषेत चालतो आणि निरनिराळ्या दिव्यांचे किरण छिद्रातून जाताना एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. 'किताब अल-मनाझिर' या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रकाश आणि दृष्टी यांचा अभ्यास मांडला आहे.

आजचा कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली. फक्त ती आता मुठीत मावते. या खोलीच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. छिद्राच्या जागी काचेचे भिंग असते. ती खोलीची खिडकी. ठरावीक वेळच प्रकाश आत यावा म्हणून शटर असते. ती खिडकीची झडप. ज्यावर चित्र उमटते तो सेन्सर. ती मागची भिंत. आणि सेन्सरवर लक्षावधी बारीक चौकोन असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. त्या भिंतीवरच्या फरशा. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल.

पूर्वी मागच्या भिंतीच्या जागी फिल्म असे. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा बनवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत आणि त्या फोटोत फक्त दहा हजार पिक्सेल असत. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही एक कोटी साठ लाख पिक्सेल असतात. म्हणजे आपला प्रश्न सुटलाच, नाही का? नाही. आपला प्रश्न इथूनच सुरू होतो.

समजा, तुमच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. वर्गासाठी एक कॅमेरा घ्यायचा, असे तुम्ही ठरवले. प्रत्येकाने खाऊच्या पैशांतून दरमहा पन्नास रुपये बाजूला ठेवले. असे दहा महिने चालले. चाळीस गुणिले पन्नास गुणिले दहा, म्हणजे वीस हजार रुपये जमले. यांतले काही पैसे एखाद्याच्या वडिलांनी मागावर जादा पाळी करून दिलेले आहेत, तर काही एखादीच्या आईने शिवणकाम करून दिलेले आहेत. हे पैसे पुन्हा लवकर जमणार नाहीत.

आणि कॅमेरा लवकर हवा आहे. ज्या बाईंनी तुम्हाला मराठीचे पहिले अक्षर गिरवायला शिकवले, त्या या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांचा निरोप समारंभ शाळेच्या सभागृहात होणार आहे. तो दिवस एकदाच येईल. फोटो हलला किंवा काळा आला, तर बाईंना परत बोलावून "बाई, पुन्हा एकदा निरोप घ्या," असे म्हणता येणार नाही. कॅमेरा निवडण्याची जबाबदारी वर्गाने तुमच्यावर टाकली आहे. तुम्ही कसे निवडाल?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "कॅमेरा कशाला? मोबाइल आहे की!" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. चांगला मोबाइल अंधुक प्रकाशात झटपट अनेक फोटो घेतो, ते एकत्र जोडतो आणि एक चांगला फोटो बनवतो. म्हणूनच लोकांनी लहान कॅमेरे घेणे सोडले. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली दहा कोटींहून अधिक लहान कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली वीस लाखांहूनही कमी. शाळेतल्या एखाद्या शिक्षकांचा चांगला मोबाइल त्या दिवशी मिळणार असेल आणि तुम्हाला फक्त तो एकच समारंभ टिपायचा असेल, तर कॅमेरा घेऊच नका. ते पैसे फोटो छापून घेण्यासाठी वापरा. न घेणे हीसुद्धा एक निवड आहे.

पण तुम्हाला वर्षभर फोटो काढायचे आहेत: क्रीडादिन, सहल, विज्ञान प्रदर्शन. वर्गात तुम्हाला मोबाइल आणता येत नाही. कॅमेरा मात्र वर्गाच्या कपाटात राहील. तो चाळीसही जणांना हाताळता येईल आणि पुढच्या वर्षी धाकट्या वर्गाकडे देता येईल. म्हणून तुम्ही कॅमेराच घ्यायचे ठरवले. चला तर, बाजारात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसू.

पहिली गोष्ट, कामांची यादी करा आणि त्यांना क्रम द्या. सभागृहातला समारंभ पहिला, सहल दुसरी, मैदानावरच्या शर्यती तिसऱ्या. क्रम का द्यायचा? कारण थोड्या पैशांत सर्व कामे सारखीच उत्तम करणारा कॅमेरा मिळत नाही. मैदानावर दूरचे दिसायला हवे. सभागृहात अंधुक प्रकाशात दिसायला हवे. दोन्ही एकदम मागाल, तर किंमत वाढत जाईल.

दुसरी गोष्ट, हिशेब करा. उर्दूत आपण म्हणतो, चादर पाहून पाय पसरा. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. चादर म्हणा की अंथरूण म्हणा, लांबी आधी मोजायची असते. वीस हजार जमले म्हणजे वीस हजारांचा कॅमेरा घ्यायचा, असे नाही. कॅमेऱ्याबरोबर मेमरी कार्ड लागते. एका चार्जिंगमध्ये लहान कॅमेरा साधारण दोनशे ते तीनशे फोटो काढतो, म्हणून एक जादा बॅटरी लागते. पिशवी लागते. फोटो छापायचा खर्च असतो. नमुन्यादाखल हा हिशेब पाहा :

मेमरी कार्ड – ६०० रुपये
जादा बॅटरी – १,२०० रुपये
पिशवी – ४०० रुपये
फोटो छापणे – १,००० रुपये
अडीअडचणीसाठी राखीव – ८०० रुपये
एकूण – ४,००० रुपये

वीस हजारांतून चार हजार गेले. उरले सोळा हजार. हीच तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा. ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. "आणखी दोनच हजार घाला, याच्यापेक्षा चांगला देतो," असे कोणीतरी म्हणेलच. तेव्हा तो कागद उपयोगी पडेल.

आता बाजारात जाऊ. मुंबईत राहणारे बरेच जण अशा खरेदीसाठी फोर्ट भागातल्या बोरा बाजारात जातात. तिथे कॅमेऱ्यांची पुष्कळ दुकाने आहेत. तुमच्या गावी एखाददुसरेच दुकान असेल. दुकान कोणतेही असो, समजा तुमच्यासमोर तीन कॅमेरे ठेवले.

पहिला कॅमेरा नवा आहे. किंमत पाच हजार. खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत '६४ मेगापिक्सेल' असे छापले आहे. कंपनीचे नाव कधी ऐकलेले नाही.

दुसरा कॅमेराही नवा आहे. किंमत साडेपंधरा हजार. कंपनी ओळखीची, मेगापिक्सेल फक्त १६, झूम पाचपट, एक वर्षाची वॉरंटी.

तिसरा कॅमेरा वापरलेला आहे. किंमत सोळा हजार. कंपनी नावाजलेली, मेगापिक्सेल २०, झूम साडेतीनपट. वॉरंटी नाही.

चौसष्ट हा आकडा पाहून डोळे दिपतात. पण जरा थांबा. मेगापिक्सेल म्हणजे भिंतीवरच्या फरशा, हे आपण पाहिले. आपल्याला फरशा किती लागतात, ते मोजू. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद असा फोटो चांगला छापायचा असेल, तर दर इंचाला तीनशे पिक्सेल पुरतात. सहा गुणिले तीनशे म्हणजे अठराशे; चार गुणिले तीनशे म्हणजे बाराशे. अठराशे गुणिले बाराशे म्हणजे एकवीस लाख साठ हजार. मेगापिक्सेल सव्वादोनसुद्धा होत नाहीत! वहीच्या मोठ्या पानाएवढा, म्हणजे ए-४ आकाराचा फोटो छापायला सुमारे नऊ मेगापिक्सेल पुरतात. १६ आणि २० हे दोन्ही आकडे आपल्याला पुरून उरतात. मग चौसष्टचे काय करायचे?

शिवाय ते चौसष्ट खरे आहेत का, हाही प्रश्न आहे. काही स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सरवर पिक्सेल थोडेच असतात. कॅमेरा दोन पिक्सेलांच्या मध्ये अंदाजाने नवे पिक्सेल भरतो आणि आकडा फुगवतो. दुधात पाणी घातले की भांडे भरते, पण दूध वाढत नाही. तसेच हे आहे. ज्या खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत आहेत, पण सेन्सरचा आकार आणि भिंगाचा आकडा कुठेच छापलेला नाही, त्या खोक्यापासून सावध राहा.

मग पाहायचे काय? पाहायचा तो प्रकाश. फोटो पिक्सेलने बनत नाही, तो प्रकाशाने बनतो. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या सभागृहात दोनशे-तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. आपल्या डोळ्यांना एवढा फरक जाणवत नाही, कारण ते लगेच जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र तो जाणवतो. प्रकाश कमी पडला, की तो झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात हात हलतो, बाई मान वळवतात, आणि फोटो पुसट येतो.

म्हणून दोन गोष्टी विचारा. खिडकी केवढी आहे आणि भिंत केवढी आहे?

खिडकीचे माप भिंगाभोवती लिहिलेले असते. तिथे 'एफ' या अक्षराचा किंवा नुसता '१ :' असा आकडा दिसतो. इथे एक गंमत आहे : आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ३.६ आहे, तिसऱ्यावर १.८ आहे. १.८ ची खिडकी ३.६ च्या खिडकीपेक्षा चौपट प्रकाश आत घेते. दुपटीचा फरक चौपट कसा झाला, हे चौरसाचे क्षेत्रफळ शिकलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

भिंतीचे माप म्हणजे सेन्सरचा आकार. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात '१/२.३ इंच' असे लिहिले आहे. हे नाव आहे, खरे माप नव्हे. तो सेन्सर सुमारे सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. तिसऱ्याचा सेन्सर '१ इंच' नावाचा आहे. तो सुमारे तेरा मिलिमीटर लांब आणि नऊ मिलिमीटर रुंद असतो, करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. क्षेत्रफळ काढले, तर ही भिंतही चौपट मोठी आहे. चौपट खिडकी आणि चौपट भिंत, म्हणजे तेवढ्याच वेळात सुमारे सोळापट प्रकाश. सभागृहात हा फरक फोटो पाहताच कळेल.

तिसरा आकडा झूमचा. झूम दोन प्रकारचे असतात. भिंग पुढे सरकून दूरचे जवळ आणते, ते ऑप्टिकल झूम. ते खरे. फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा, ते डिजिटल झूम. ते काम फोटो काढल्यावर संगणकावरही करता येते. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. आणखी एक लक्षात ठेवा : बहुतेक लहान कॅमेऱ्यांत झूम वाढवले, की खिडकी लहान होते. १.८ चा आकडा ४.९ पर्यंतही जातो. म्हणून सभागृहात मागच्या बाकावरून झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे चांगले. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅशही तीन-चार मीटरपलीकडे विशेष पोहोचत नाही.

एवढे कळल्यावर तिसरा कॅमेरा घ्यावासा वाटेल. पण तो वापरलेला आहे, हे विसरू नका. भाजी घेताना आपण वांगे उलटून पाहतो. इथेही उलटून पाहा. आपले मेमरी कार्ड बरोबर न्या आणि ते आत बसते का पाहा. काही जुन्या कॅमेऱ्यांना निराळीच कार्डे लागतात आणि ती आता बनत नाहीत. काहींना ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. भिंग अडखळते का, करकरते का, ते ऐका. भिंगावर ओरखडा किंवा बुरशी आहे का, ते उजेडात पाहा. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा काढा. सेन्सरवर धूळ असेल तर डाग दिसतील. एक फोटो भिंग झाकून काढा. पिक्सेल बिघडले असतील तर काळ्यावर रंगीत ठिपके दिसतील. बॅटरी फुगलेली नाही ना? नवी बॅटरी आणि चार्जर बाजारात मिळतो ना? हे सर्व पाहायला अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात दहा महिन्यांची बचत वाचू शकते.

दुकानात बोलताना संकोच वाटतो. मराठीत कसे विचारावे, असा प्रश्न पडतो. ही वाक्ये पाठ करा :

"काका, या कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा आहे?"
"माझे कार्ड घालून दोन फोटो काढून पाहू का?"
"दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, कमी उजेडात फोटो काढला तर चालेल का?"
"बिघाड निघाला तर किती दिवसांत परत घ्याल? ते पावतीवर लिहून द्याल का?"
"आम्ही उद्या शिक्षकांना घेऊन येतो."

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. "आजच घ्या, उद्या मिळणार नाही," असे कोणी म्हटले, तरी घाई करू नका. पैसे मोठ्या माणसांसमोरच द्या. पावती घ्या. तिच्यावर कॅमेऱ्याचे नाव, त्याचा क्रमांक, तारीख, किंमत आणि दुकानाचा शिक्का आहे ना, ते वाचा. पावतीशिवाय स्वस्त मिळणारी वस्तू पुढे महाग पडते, कारण बिघडल्यावर दाद कुठे मागणार? पावती असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने उभा राहतो. तक्रार कशी करावी, याची माहिती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. नव्या वस्तूच्या खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात; त्याहून जास्त रक्कम देऊ नका.

आता निवडा. सभागृहातला समारंभ तुमच्या यादीत पहिला आहे. म्हणून तिसरा कॅमेरा सर्व तपासण्यांत उतरला आणि दुकानदार परतीची अट लिहून द्यायला तयार असला, तर तो घ्या. तपासणीत तो थोडाही कमी पडला किंवा दुकानदाराने लिहून द्यायला नकार दिला, तर दुसरा घ्या. त्याची खिडकी लहान आहे, पण वॉरंटी आहे आणि उन्हात तो उत्तम काम करील. तुमच्या यादीत मैदान आणि सहल पहिली असती, तर दुसराच कॅमेरा आधी निवडायला हवा होता. पहिला मात्र कोणत्याच यादीत बसत नाही. पाच हजारांत तो स्वस्त वाटतो. पण ज्याने काम होत नाही, ती वस्तू पाच रुपयांतही महागच.

आणि दुसरा कॅमेरा घ्यावा लागला, तर बाईंच्या फोटोचे काय? त्यासाठी एक साधा उपाय आहे. भाषणे सभागृहात होऊ द्या. पण समारंभ सुरू होण्याआधी, सकाळी दहाच्या सुमारास बाईंना विनंती करा : "बाई, दोन मिनिटे व्हरांड्यात याल का?" तिथे ऊन थेट अंगावर येत नाही, पण उजेड भरपूर असतो. बाईंना उजेडाकडे तोंड करून उभे करा. कॅमेरा दोन्ही हातांत धरा, कोपर अंगाला टेकवा, श्वास रोखा आणि बटण हळूच दाबा. एक नव्हे, पाच फोटो काढा. इथे साडेपंधरा हजारांचा कॅमेराही चांगला फोटो देईल, कारण प्रकाश तुम्ही विकत घेतला नाही, तुम्ही प्रकाशाकडे चालत गेलात.

घरी जाण्याआधी फोटो संगणकावर उतरवून ठेवा. एक फोटो छापून बाईंना द्या आणि मागे चाळीसही जणांच्या सह्या करा. काहींनी उर्दूत, काहींनी मराठीत. बाईंना दोन्ही वाचता येतात.

शब्दार्थ

पारखणे – नीट तपासून निवडणे
भिंग – ज्यातून प्रकाश वळतो ती वक्र काच
झडप – उघडबंद होणारे झाकण
फरशी – जमिनीवर किंवा भिंतीवर बसवायचा सपाट तुकडा
माग – कापड विणण्याचे यंत्र
पाळी – कामाची ठरलेली वेळ
निवृत्त होणे – नोकरीचा काळ पूर्ण करून बाहेर पडणे
मर्यादा – हद्द
डोळे दिपणे – भपका पाहून भुलणे
बुरशी – ओलाव्याने धरणारा थर
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कमरा' हा शब्द कोणत्या भाषेतून आपल्या देशात आला?
(आ) इब्न अल-हैसम यांच्या ग्रंथाचे नाव काय?
(इ) पहिला डिजिटल कॅमेरा कोणत्या साली बनला?
(ई) वर्गाने कॅमेऱ्यासाठी किती मर्यादा ठरवली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कॅमेऱ्याला अंधारी खोली का म्हटले आहे?
(आ) ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम यांत कोणता फरक आहे?
(इ) पावती घेणे का आवश्यक आहे?
(ई) 'न घेणे हीसुद्धा एक निवड आहे,' असे लेखकाने का म्हटले आहे?

३. जोड्या लावा.
भिंग – मागची भिंत
शटर – फरशा
सेन्सर – खिडकी
पिक्सेल – झडप

४. हिशेब करा.
आठ इंच लांब आणि सहा इंच रुंद फोटो छापायचा आहे. दर इंचाला ३०० पिक्सेल हवेत. एकूण किती पिक्सेल लागतील? ते किती मेगापिक्सेल होतात?

५. बाजार, दुकान, किंमत, खर्च, हिशेब, तारीख हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

६. 'जर – तर' वापरून वाक्ये पूर्ण करा.
(अ) जर प्रकाश कमी पडला, तर ........
(आ) जर दुकानदाराने पावती दिली नाही, तर ........
(इ) जर ........, तर तिसरा कॅमेरा घ्यावा.

७. विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वस्त, उजेड, जवळ, नवा, खरे.

८. उपक्रम : घरात लवकरच घ्यायची एखादी वस्तू निवडा : पंखा, सायकल किंवा शिलाई यंत्र. तिच्याकडून हवी असलेली कामे क्रमाने लिहा, इतर खर्चाचा हिशेब करा आणि दुकानदाराला विचारायचे पाच प्रश्न मराठीत तयार करा. ते वर्गात वाचून दाखवा.